होरेबावरील एलीया
(पाठ : १ राजे, अध्याय १९)

गेल्या पावसाळ्यांत एक वडील धर्मोपदेशक आम्हांकडे आले व दार लावून घेऊन म्हणाले, "पाळकसाहेब, दिवसा मी मंडळीस धीर धरावयास सांगतों, आणि रात्रीं शेजारच्या वाडींतून एकटा परततांना माझेंच काळीज थरथरतें. असल्या मनुष्यानें उपदेश करावा काय? माझा राजीनामा घ्या." आम्हीं तो घेतला नाहीं. त्यांच्याबरोबर हा अध्याय वाचला. तोच पाठ आज वाचकांपुढें ठेवितों.

कर्मेल डोंगरावर बआलाच्या चारशें पन्नास संदेष्ट्यांसमोर जो एकटा उभा राहिला, तोच एलीया ईजबेल राणीचा एक निरोप येतांच जीव घेऊन पळाला. धैर्य व भय हीं एकाच पुरुषाचीं होतीं. शास्त्र त्यांपैकीं एकही झांकून ठेवीत नाहीं. बैर-शेबा येथें चाकरास सोडून तो दिवसभराची वाट रानांत चालला, झुडुपाखालीं बसला व मरण मागूं लागला. देवानें त्यास रागें न भरतां भाकर व पाणी दिलें, पुन्हां निजूं दिलें, आणि उठवून पुन्हां जेवूं घातलें. आमच्या सेवकवर्गानें हें नीट ध्यानांत घ्यावें. कारण थकवा आला कीं तो विश्वासाचा अभावच, असें मानून उपास वाढविण्याची आपणांस फार खोड आहे.

पुढें चाळीस दिवस व चाळीस रात्री चालून तो होरेबास पोंचला व गुहेंत राहिला. वारा, भूकंप व अग्नि येऊन गेले, त्यांत परमेश्वर नव्हता. मग मंद वाणी झाली. कर्मेलावर ज्यानें स्वर्गांतून अग्नि उतरतांना पाहिला, त्यास येथें अग्नींत देव सांपडूं नये, हें केवढें नवल वाटलें असेल! त्यानें झग्यानें तोंड झांकिलें. आतां एक गोष्ट पाहा. तूं येथें काय करितोस, हा प्रश्न देवानें वाणीपूर्वीं विचारिला होता. वाणीनंतरहि तोच विचारिला, आणि एलीयाचें गाऱ्हाणेंहि तेंच, कीं आपण एकटेच उरलों. शांततेनें तो पार बदलून गेला असें कित्येक उपदेशक सांगतात. वचनांत तसें दिसत नाहीं. गाऱ्हाण्यासकट त्यास काम मिळालें : हजाएल, येहू व अलीशा यांस अभिषेक करावयाचा. शिवाय बआलापुढें गुडघे न टेकलेले सात हजार इस्राएलांत आहेत, हेंहि कळलें. वाऱ्याच्या गर्जनेंत हा आंकडा त्याच्या कानीं शिरला नसता, असें आम्हांस वाटतें. तो डोंगर उतरला, तों अलीशा बारा जोत्यांमागें शेत नांगरीत असलेला त्यास भेटला.

आमच्या कित्येक बंधूंस तर बाप्तिस्म्यापूर्वींच्या सगळ्या आयुष्याचीच लाज वाटते. आईच्या जात्यावरच्या ओव्या देखील ते विसरूं पाहतात. कै. रे. नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ सालीं मुंबईस झाला. अभंग व कीर्तन हा आपला पूर्वींचा ठेवा त्यांनीं टाकिला नाहीं, ख्रिस्तसेवेस लाविला. त्यांचीं भजनें आमच्या उपासनेंत आजहि गातात.

त्या धर्मोपदेशकांस आम्हीं इतकेंच सांगितलें कीं, रोज रात्रीं दिवा मालवून घटकाभर कांहीं न मागतां बसा, आणि ज्याचें भय वाटतें तें देवापुढें उघड सांगा. नाताळापूर्वीं ते पुन्हां आले. भय गेलें नाहीं, म्हणाले. मात्र अलीशाची गोष्ट मनांत राहिल्यामुळें मंडळींतील एका तरुण शेतकऱ्यास ते रात्रीच्या फेरीस बरोबर नेऊं लागले आहेत, आणि वाडींतील प्रार्थना आतां तोच चालवितो.