पाकिटाचे अठ्ठावीस दिवस

माला-एन आणि माला-डी या गर्भनिरोधक गोळ्यांच्या पाकिटात दोन रंगांच्या मिळून २८ गोळ्या असतात. पांढऱ्या २१ गोळ्यांत लेव्होनॉरजेस्ट्रेल (०.१५ मिलिग्रॅम) आणि इथिनाइल इस्ट्रॅडिऑल (०.०३ मिलिग्रॅम) ही दोन संप्रेरके असतात. गडद रंगाच्या ७ गोळ्या निव्वळ लोहाच्या. गर्भ राहू न देण्याचे काम पांढऱ्या गोळ्यांचे. लोहाच्या गोळ्यांनी रक्ताला हातभार लागतो आणि रोजची सवय मोडत नाही. रक्तदाब वाढलेला असेल, पायाच्या शिरेत कधी गुठळी झाली असेल, डोळ्यांपुढे चमकून डोके दुखत असेल किंवा बाळ सहा महिन्यांच्या आतले असून अंगावर पीत असेल, तर या गोळ्या चालत नाहीत. म्हणून पहिले पाकीट तपासणीनंतरच घ्यावे.

पहिली गोळी पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत घ्यायची असते. रक्तस्राव संध्याकाळी सुरू झाला तरी तोच पहिला दिवस धरावा. या पाच दिवसांत सुरुवात झाली तर पहिल्या गोळीपासूनच संरक्षण मिळते. नंतरही सुरुवात करता येते, पण गर्भ नसल्याची खात्री करून आणि पुढचे सात दिवस निरोध वापरून. वेळ कोणतीही चालते, फक्त रोज तीच हवी. रात्रीच्या जेवणानंतर घेतलेल्या गोळीने मळमळ कमी जाणवते.

अठ्ठाविसावी गोळी संपली की दुसऱ्याच दिवशी नवे पाकीट. मध्ये एकही दिवस मोकळा नाही. लोहाच्या गोळ्या चालू झाल्यावर दोन-तीन दिवसांत अंगावरून जाऊ लागते. व्यवहारात याला पाळी म्हणतात, पण संप्रेरके थांबल्यामुळे होणारा तो रक्तस्राव आहे. गोळी घेणाऱ्या बाईला आपले चक्र नेहमीसारखे वाटावे, म्हणून सुरुवातीच्या संशोधकांनी तो मुद्दाम ठेवला. १९६० साली अमेरिकेत गर्भनिरोधनासाठी मान्य झालेली पहिली गोळी, एनोव्हिड, बाटलीतून मिळे. महिन्याला वीस गोळ्या घ्यायच्या आणि मोजदाद बाईने ठेवायची. डेव्हिड वॅग्नर या इलिनॉयमधल्या इंजिनिअरने बायकोसाठी कागदावर वार लिहून प्रत्येक वारावर एकेक गोळी मांडली. थोड्याच दिवसांत कागद खाली पडून गोळ्या विखुरल्या. मग त्याने फिरत्या तबकडीची डबी बनवली आणि १९६२ साली तिच्या पेटंटसाठी अर्ज केला. आजच्या पाकिटावरचे बाण आणि वार त्याच खटपटीतून आले.

काही कंपन्यांच्या पाकिटात २१च गोळ्या असतात. त्या संपल्यावर सात दिवस सुट्टी आणि आठव्या दिवशी नवे पाकीट. सोमवारी सुरू झालेले पाकीट त्यामुळे दर वेळी सोमवारीच सुरू होते. घोळ इथेच होतो. पाचव्या दिवसापर्यंतची सवलत फक्त पहिल्या पाकिटासाठी असते, पण अनेकजणी दर महिन्याला पाळीचा पाचवा दिवस मोजतात. रक्तस्राव सुट्टीच्या पाचव्या दिवशी सुरू झाला, तर त्याचा पाचवा दिवस म्हणजे सुट्टीचा नववा. सुट्टी आठ दिवसांची झाली. रक्तस्राव झालाच नाही, तर नवे पाकीट तसेच पडून राहते. सुट्टीत अंडाशय जागे होऊ लागते, आत बीजकोश वाढू लागतात. सात दिवसांत ते पुरेसे वाढत नाहीत आणि नव्या पाकिटाच्या पहिल्या सात गोळ्या त्यांना पुन्हा दाबून टाकतात. सुट्टी लांबली की बीज सुटण्याची शक्यता वाढते. म्हणून नव्या पाकिटाचा दिवस कॅलेंडरवरून ठरवावा. अंगावरून जात असो वा नसो. गोळ्या नीट घेऊनही दोन महिने रक्तस्राव झाला नाही, तर लघवीची चाचणी करावी.

एक पांढरी गोळी चुकली तर आठवेल तेव्हा घ्यावी, मग त्या दिवशी दोन झाल्या तरी चालते. लागोपाठ दोन किंवा जास्त चुकल्या, तर शेवटची चुकलेली गोळी लगेच घ्यावी, आधीच्या टाकून द्याव्यात, रोजची गोळी चालू ठेवावी आणि सात दिवस निरोध वापरावा. ही चूक पहिल्या आठवड्यातली असेल आणि गेल्या पाच दिवसांत संबंध आला असेल, तर तातडीच्या गोळीबद्दल डॉक्टरांना त्याच दिवशी विचारावे. तिसऱ्या आठवड्यातली असेल तर पांढऱ्या गोळ्या संपवून लोहाच्या सोडून द्याव्यात आणि दुसऱ्या दिवशी नवे पाकीट उघडावे, म्हणजे सुट्टी लांबत नाही. लोहाची गोळी चुकल्याने संरक्षणात काही बिघडत नाही. गोळी घेतल्यावर दोन तासांत उलटी झाली, तर आणखी एक घ्यावी. क्षयरोगावरचे रिफॅम्पिसिन आणि फिटवरची फेनिटॉइन, कार्बामाझेपिन ही औषधे गोळीचा असर कमी करतात; तेव्हा दुसरे साधन हवे.

गौरी-गणपती किंवा वारी आली की पाळी पुढे ढकलण्याची गोळी मागितली जाते. ती बहुधा नॉरएथिस्टेरॉनची असते आणि ढकलण्यासाठी घेतलेल्या त्या गोळ्यांवर गर्भनिरोधनासाठी विसंबता येत नाही. माला घेणारीला तिची गरजही नाही. लोहाच्या गोळ्या वगळून पुढच्या पाकिटातल्या पांढऱ्या गोळ्या सलग चालू ठेवल्या की रक्तस्राव पुढे जातो.

छाया या गोळीचे वेळापत्रक अगदी निराळे. तिच्यातले सेंटक्रोमन हे औषध लखनौच्या सेंट्रल ड्रग रिसर्च इन्स्टिट्यूटने शोधले. बाजारात सहेली म्हणून मिळते तेही हेच. ते संप्रेरक नसल्याने अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालते. पहिली गोळी पाळीच्या पहिल्या दिवशी, दुसरी तीन दिवसांनी: रविवारी सुरुवात झाली तर रविवार आणि बुधवार. असे आठवड्यातून दोनदा तीन महिने, त्यानंतर फक्त रविवारी. चुकलेली गोळी सात दिवसांच्या आत आठवली तर लगेच घ्यावी आणि पुढची पाळी येईपर्यंत निरोध वापरावा. सात दिवसांहून जास्त उलटले, तर आठवड्यातून दोनदाचे तीन महिने पुन्हा पहिल्यापासून मोजायचे.