रात्रीच्या रक्ततपासणीला पर्याय : सेवाग्रामचे हत्तीरोग संशोधन

आयुध निर्माणीमुळे नावारूपास आलेले जवाहरनगर ज्या भंडारा जिल्ह्यात आहे, तो पूर्व विदर्भाच्या हत्तीरोगग्रस्त पट्ट्यात मोडतो. या रोगाचे सूक्ष्म कृमी प्रामुख्याने रात्रीच रक्तप्रवाहात येतात. साहजिकच आरोग्य कर्मचाऱ्यांना रात्री घरोघर जाऊन, निजलेल्यांना उठवून रक्तनमुने घ्यावे लागतात.

वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम येथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. बी. सी. हरिनाथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी या अडचणीवर रोगप्रतिकारशास्त्राच्या साहाय्याने तोड शोधली. रक्तातील कृमी वेगळे काढून पोषक द्रवात जिवंत ठेवले असता ते काही द्रव्ये बाहेर सोडतात. त्यांच्याविरुद्ध रोग्याच्या शरीरात प्रतिपिंडे तयार होतात, आणि ती रक्तात दिवसाही सापडतात! चाचणीत पेनिसिलिनेज हे विकर योजले गेले. पिष्ट व आयोडीन यांचा निळा रंग उडाला की निष्कर्ष नुसत्या डोळ्यांना दिसतो. महागडे यंत्र लागत नाही. ग्रामीण भागाच्या दृष्टीने हीच गोष्ट आम्हांस अधिक मोलाची वाटते.

मात्र रोग हटल्यावरही प्रतिपिंडे काही काळ टिकतात. म्हणून कृमींचे प्रतिजनच रक्तात शोधण्याचे कामही तेथे झाले.

हत्तीरोग पसरविणारा क्युलेक्स डास घाण पाण्यात वाढतो. तेव्हा तुंबलेली गटारे वाहती करणे व शौचालयाच्या वायुनलिकेस जाळी बांधणे, हे ग्रामपंचायतीचे काम ठरते. सामुदायिक औषधोपचाराच्या वेळी धडधाकट माणसांनीही गोळ्या घ्यावयाच्या असतात. कारण पाय सुजण्यापूर्वी कित्येक वर्षे कृमी अंगात असू शकतात.