साठवण कोणाची? माया, इंका आणि इनामगाव

माया आणि इंका ही दोन नावे आपल्याकडे बहुधा एका दमात घेतली जातात. वर्गातील मुलेही ‘माया-इंका’ असा जोडशब्द करून मोकळी होतात. वास्तविक या दोन संस्कृतींत हजारो किलोमीटरचे अंतर आहे, आणि काळाचेही. मध्य अमेरिकेतील मायांचा ऐन भराचा काळ इ. स. २५० ते ९०० हा होय. अजिंठ्याची वाकाटककालीन लेणी याच अवधीत कोरली गेली. दक्षिण अमेरिकेच्या अँडीज पर्वतात इंकांचे साम्राज्य पसरू लागले ते १४३८ च्या सुमारास, आपल्याकडे बहामनी सुलतान राज्य करीत असताना. १५३२ मध्ये पिझारोच्या स्पॅनिश सैनिकांनी त्यांच्या सम्राटास कैद केले. म्हणजे या साम्राज्याला पुरती शंभर वर्षेही लाभली नाहीत.

मायांजवळ लिपी होती, शून्याची खूण होती, सूक्ष्म कालगणना होती. पण एक राज्य नव्हते. तिकाल, कालाकमुल, पालेंके ही नगरे आपापल्या राजांखाली परस्परांशी झुंजत. इंकांजवळ एकछत्री सत्ता आणि तीस हजार किलोमीटरहून अधिक लांबीचे रस्ते होते. लिपी मात्र नव्हती. हिशेब ‘किपू’ नावाच्या दोऱ्यांच्या गाठींत ठेवला जाई. एवढे कोणत्याही ज्ञानकोशात सापडते. कवठे महांकाळसारख्या पर्जन्यछायेतील तालुक्यात राहणाऱ्याने या दोघांस निराळा प्रश्न विचारावा असे मला वाटते: पाऊस हुकला की तुम्ही काय करीत होता?

तिकालजवळ मोठी नदी नाही. भूमी चुनखडीची, पाणी शोषून घेणारी. म्हणून तेथील लोकांनी नगरातील चौक चुन्याने गिलावा करून उतरते ठेवले आणि पावसाचे पाणी मोठ्या तलावांत वळविले. हे कौशल्य थोर खरेच. परंतु महत्त्वाचे तलाव राजवाड्यांच्या आणि मंदिरांच्या शेजारीच होते. नवव्या शतकात पुनःपुन्हा अवर्षणे पडली. सरोवरांच्या गाळात आणि गुहांतील चुनखडीच्या थरांत त्यांच्या खुणा आढळतात. लढाया आणि जंगलतोड यांनी भर घातली आणि दक्षिणेकडील नगरे ओस पडली. ‘माया लोक गूढरीत्या नाहीसे झाले’ हे वाक्य मात्र आपण शिकवू नये. त्यांच्या भाषा आजही लक्षावधी लोक बोलतात. नाहीसे झाले ते राजे.

इंकांनी डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांची शेते बांधली आणि कोठारे उभारली. हुआनुको पाम्पा येथे सुमारे पाचशे, तर कोतापाची येथे चोवीसशे कोठारांचे अवशेष मोजले गेले आहेत. रात्रीच्या हिमात बटाटे गोठवायचे, पायांनी तुडवून पाणी काढायचे आणि उन्हात वाळवायचे. असा वाळविलेला बटाटा वर्षानुवर्षे टिके. बेदाण्याच्या शेडवर राबणाऱ्या आपल्या पालकांना ही विद्या परकी वाटू नये. परंतु ही कोठारे भरली जात ती सक्तीच्या श्रमांतून. टंचाईत त्यांतून लोकांना धान्य मिळे, तसेच सैन्यही पोसले जाई. आणि कोठार केव्हा उघडावे हे राज्य ठरवी.

आता आपल्याकडे येऊ. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातील घोड नदीकाठी इनामगाव आहे. १९६८ पासून डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, अन्सारी, ढवळीकर आदी संशोधकांनी तेथे अनेक हंगाम उत्खनन केले. इ. स. पूर्व सुमारे १६०० ते ७०० या काळातील हे शेतकऱ्यांचे गाव. ना राजा, ना लिपी, ना भव्य मंदिर. तरीही तेथे पुराचे पाणी वळविणारा बांध आणि कालवा सापडला. जव हे मुख्य पीक होते. धान्य ठेवण्यास जमिनीत खड्डे होते. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे आठवावीत असे. गावाच्या मध्यभागी पाच खोल्यांचे एक घर होते आणि त्याला लागूनच धान्याचे कोठार! याच घराच्या अंगणात चार पायांच्या मातीच्या रांजणात बसविलेला एक पुरुष पुरलेला आढळला. इनामगावात प्रौढ मृतांचे पाय बहुधा घोट्यापासून तोडून पुरीत. याचे पाय शाबूत होते. तो गावाचा प्रमुख असावा, असा संशोधकांचा तर्क आहे.

इ. स. पूर्व १००० नंतर हवामान कोरडे झाले असावे. प्रशस्त चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शेती खालावली, शिकारीवरचा भार वाढला. अखेरीस गाव सोडले गेले. बांध होता, कालवा होता, कोठारही होते.

म्हैसाळ योजनेने कृष्णेचे पाणी उचलून आपल्या तालुक्यात आणले, तेव्हापासून पेव आणि कणगी मुलांना केवळ शब्द म्हणून ठाऊक आहेत. माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना एक विनंती आहे. घरात कोणी वडीलधारे असतील, तर १९७२ च्या दुष्काळाविषयी त्यांना मुलांसमोर बोलते करावे. आपल्यापैकी अनेकांच्या आजोबांच्या घरी पेव नव्हतेच; बलुत्याच्या वाट्यावर घर चाले. गावात पेव कोणाचे होते, ते कोण उघडी आणि आधी कोणाला मिळे, एवढे विचारून मुलांनी वहीत उतरवून आणावे.