प्रेषितांच्या खुणा : काचेवरील कथा आणि मराठी शब्द

लेण्यांतील किंवा देवळांतील मूर्ती ओळखताना आपण हातांतील शंख, चक्र, त्रिशूळ पाहतो. युरोपातील चर्चच्या रंगीत काचांवरचे प्रेषितही असेच खुणांवरून ओळखायचे असतात. याचे एक कारण तंत्रात आहे. काचेचे छोटे तुकडे शिशाच्या पट्ट्यांनी जोडून चित्र उभे राहते. उंचावरच्या खिडकीतील चेहरा खालून नीट दिसत नाही; किल्लीची किंवा करवतीची आकृती मात्र चटकन दिसते.

शिकवताना मी या खुणांचे उगमानुसार गट पाडतो. पेत्राच्या किल्ल्या शुभवर्तमानातल्या आहेत (मत्तय, अध्याय १६). बर्थलमयाची सुरी आणि आंद्रियाचा तिरपा क्रूस ही परंपरेने सांगितलेल्या त्यांच्या मृत्यूची साधने आहेत. योहानाच्या प्याल्यातला साप दंतकथेतून आला : विषाचा प्याला त्याला बाधला नाही. याकोबाचा शिंपला स्पेनमधील सांतियागोच्या यात्रेकरूंची खूण आहे.

थोमाच्या हाती भाला असतो, किंवा सुतार-गवंडी वापरतात तो गुण्या. गुण्याची कथा तिसऱ्या शतकातील ‘थोमाची कृत्ये’ या ग्रंथात येते आणि ती भारतात घडते. राजा गुंदफर राजवाडा बांधण्यासाठी थोमाला पैसे देतो. थोमा ते गरिबांत वाटून टाकतो. राजा त्याला कैदेत घालतो. तेवढ्यात राजाचा भाऊ मरतो, स्वर्गात तो राजवाडा पाहतो आणि परत येऊन सांगतो. गोंदोफरेस नावाचा राजा पहिल्या शतकात वायव्येकडे होऊन गेला, हे नाण्यांवरून व तख्त-इ-बाही येथील शिलालेखावरून ठरते. त्यावरून राजा खरा ठरतो, कथा नव्हे. विद्यार्थ्यांनी हा भेद पक्का ध्यानात ठेवावा.

फ्रान्समधील शार्त्र येथे तेराव्या शतकातील एका खिडकीत थोमाची कथा प्रसंगाप्रसंगाने रंगवली आहे. तेथील कथा-खिडक्या साधारणपणे खालून वर वाचायच्या. इंग्लंडमधील फेअरफर्डच्या चर्चमध्ये सुमारे १५०० नंतरच्या खिडक्यांत बारा प्रेषित रांगेने उभे आहेत. प्रत्येकाजवळ श्रद्धासूत्रातील एकेक वाक्य आहे. शार्त्रला कथा पसरून सांगितली जाते, तर उभ्या प्रेषिताच्या चित्रात तीच कथा एका वस्तूत मिटून बसते. ती उलगडायची तर कथा आधी ठाऊक हवी.

आता शब्दाचा प्रश्न. या खुणांना मराठीत काय म्हणावे? ‘आयुध’ चालणार नाही. सुरी बर्थलमयाचे शस्त्र नाही, ती त्याच्यावर चालली. जैन मूर्तिशास्त्रातील ‘लांछन’ अर्थाने अगदी जवळचे आहे : ऋषभनाथांचा वृषभ, महावीरांचा सिंह. पण रोजच्या मराठीत लांछन म्हणजे कलंक, आणि प्रेषिताचे लांछन म्हटले की वाचक दचकेल. ‘प्रतीक’ फार सैल आहे. म्हणून मी ‘ओळखखूण’ वापरतो. तो साधा शब्द आहे आणि त्या वस्तूचे नेमके काम सांगतो.

अभ्यासासाठी एक सूचना : एक ओळखखूण निवडावी, तिचा उगम शोधावा आणि शास्त्र, दंतकथा व इतिहास वेगवेगळ्या परिच्छेदांत लिहावेत. तिन्हींची सरमिसळ झाली की श्रद्धेलाही न्याय मिळत नाही आणि इतिहासालाही.