माळावरचे पाणी

अजिंठ्याची डोंगररांग बुलढाणा जिल्ह्यातून गेलेली आहे. तिच्या दक्षिण उतारावरचे पाणी पैनगंगा व खडकपूर्णा या नद्यांवाटे अखेर गोदावरीस मिळते. उत्तर उतारावरचे पाणी नळगंगेसारख्या लहान नद्यांतून पूर्णेला आणि पूर्णेबरोबर तापीला जाते. या उत्तर बाजूस मोताळा तालुका असून त्यात सिंदखेड नावाचे गाव आहे. जिजामातेचे जन्मस्थान असलेले सिंदखेडराजा ते हे नव्हे. ते याच जिल्ह्यात, पण दक्षिणेकडे आहे.

या भागात पाऊस मुळीच पडत नाही असे नाही. परंतु मातीखाली काळा कठीण खडक असल्यामुळे पाणी सावकाश मुरते, आणि उघड्या माळावरून ते मातीसह धावत सुटते. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तरी ते पाणी १०,००० लिटर भरते. पंचवीस मिलिमीटरची एक सर म्हणजे अडीच लाख लिटर!

त्यातच आता पावसाची रीत बदलत चालली आहे. जगभर कोळसा व खनिज तेल जाळल्यामुळे हवा तापत आहे. हवा एका अंशाने तापली, की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते. त्यामुळे पाऊस येतो तो एकदम कोसळतो. मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात सुमारे तिपटीने वाढल्या, असे शास्त्रज्ञांना आढळले आहे. सिंदखेडच्या शेतकऱ्याने तो कोळसा जाळलेला नाही. पाऊस दडी मारतो तेव्हा पीक मात्र त्याचे वाळते. जगातील धूर थांबविणे एका गावाच्या हाती नाही. आपल्या माळावरचे पाणी थांबविणे मात्र आहे.

२०१८ साली पानी फाउंडेशन या संस्थेने जलसंधारणाची स्पर्धा घेतली. २४ जिल्ह्यांतील ७५ तालुक्यांत ८ एप्रिल ते २२ मे असे पंचेचाळीस दिवस, ऐन उन्हाळ्यात, गावोगाव श्रमदान झाले. सिंदखेडही त्यात उतरले.

या कामात जोरापेक्षा नेमकेपणा मोठा. चर उतारास आडवा व सर्वत्र एका पातळीत हवा. थोडा जरी कलला, तरी पाणी एका टोकाला जमून तेथूनच बांध फोडते. पातळी ओळखण्याची युक्ती सोपी आहे. दोन सारख्या काठ्या वरच्या टोकाशी बांधून पाय फाकवावयाचे, मध्ये एक आडवी काठी बांधावयाची आणि शेंड्यापासून दोरीने दगड लोंबता सोडावयाचा. दोन्ही पाय समपातळीत आले म्हणजे दोरी आडव्या काठीच्या बरोबर मध्यावर येते. मग खूण करावी आणि एक पाय पुढे टाकावा. अकरा वर्षांच्या मुलालाही हे साधते. खोदलेली माती चराच्या खालच्या अंगास टाकतात. दहा मीटर लांब, साठ सेंटिमीटर रुंद व तीस सेंटिमीटर खोल चरात १,८०० लिटर पाणी मावते. ते मुरले, की पुढच्या सरीला चर पुन्हा रिकामा!

ऑगस्ट २०१८ मध्ये निकाल लागला. सातारा जिल्ह्यातील भांडवलीबरोबर सिंदखेडला दुसरा क्रमांक मिळाला. पण त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला राज्यातील १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, आणि त्यांत बुलढाणा जिल्ह्यातील तालुकेही होते. चर पाऊस पाडीत नाहीत. जो थोडा पडतो, तो विहिरीपर्यंत पोहोचवितात, इतकेच. आणि टंचाईच्या वर्षी हे इतके फार असते.

प्रत्येकाला माळावर जाता येते असे नाही. शाळेत हात धुण्याच्या जागेखाली दगडगोट्यांनी भरलेला शोषखड्डा केला, तर सांडपाणी तेथेच मुरते. रोप जगविले, तर वाढताना ते हवेतील कार्बन वायू घेऊन खोडात साठविते. शेतातील काडीकचरा जाळण्याऐवजी कुजविला, तर धूर टळतो आणि जमीनही अधिक ओल धरते.

चर मात्र एकदा खोदून भागत नाही. काही पावसाळ्यांत ते गाळाने भरत येतात. मृग नक्षत्र लागण्यापूर्वी ते पुन्हा मोकळे करावे लागतात, आणि निघालेला गाळ ज्याच्या शेतात माती पातळ असेल, त्याच्या उपयोगी पडतो.