पडद्यावरील दप्तर

धुळे शहरात इतिहासाचार्य राजवाडे संशोधन मंडळ ही एक जुनी व नामांकित संस्था आहे. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे निधन झाले. त्यांनी जन्मभर जमविलेल्या कागदांचे जतन व्हावे व त्यांचे कार्य पुढे चालावे, म्हणून १९२७ मध्ये हे मंडळ स्थापन झाले. जुन्या कागदपत्रांसाठी राजवाडे गावोगाव हिंडले. कोठे वाड्याच्या माळ्यावर, कोठे देवघराच्या कोनाड्यात अशी पत्रे धूळ खात पडलेली असत. काहींना वाळवी लागलेली असे, तर काही उंदरांनी कुरतडलेली असत. अशा कागदांच्या आधारे त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ ही थोर ग्रंथमाला सिद्ध केली.

परंतु कागद जमविणे हे निम्मेच काम होय. ते नीट लावून ठेवणे हे उरलेले निम्मे. हजारो कागदांतून हवा तो कागद वेळेवर हाती आला नाही, तर तो असून नसल्यासारखाच. जुन्या मराठी दप्तरखान्यांत यासाठी एक साधी पण पक्की रीत होती. एका विषयाचे कागद एकत्र करावयाचे व चौकोनी फडक्यात बांधावयाचे. या गाठोड्यास ‘रुमाल’ म्हणत. असे अनेक रुमाल मिळून दप्तर होई. विद्यार्थी पाठीवर नेतात त्या दप्तराचे नाव याच शब्दावरून आले आहे.

आज शाळेत, बँकेत, तलाठ्याच्या कार्यालयात व कित्येकांच्या घरीही संगणक दिसतो. तो सुरू केला की पडदा उजळतो आणि त्यावर लहान लहान चित्रे मांडलेली दिसतात. या देखाव्यास ‘डेस्कटॉप’, म्हणजे मेजाचा पृष्ठभाग, असे नाव आहे. मेजावर जशा वस्तू असतात, तशाच येथे त्यांच्या प्रतिमा असतात. एक कागद म्हणजे एक फाइल. अनेक फाइली ज्यात ठेवावयाच्या ते फोल्डर. नको असलेले कागद टाकण्यासाठी एका कोपऱ्यात कचऱ्याची टोपली. राजवाड्यांच्या काळातील एखादा कारकून आज हा पडदा पाहता, तर यंत्र पाहून तो चकित झाला असता, पण फोल्डर पाहताच म्हणाला असता, “अरे, हा तर आमचा रुमाल!”

संगणकाचे रूप प्रथमपासून असे नव्हते. आरंभी त्याच्याशी केवळ आज्ञांच्या भाषेत बोलावे लागे. एखाद्या कागदाची प्रत हवी असली, तर त्यासाठी ठरलेला शब्द, कागदाचे नाव आणि तो ठेवण्याची जागा हे सारे पाठ असावे लागे व कळफलकावर अचूक उमटवावे लागे. एक अक्षर चुकले तरी यंत्र आज्ञा मानीत नसे. त्यामुळे ज्यांनी ही विद्या मुद्दाम संपादन केली होती, अशा थोड्या लोकांपुरतेच ते यंत्र उरले होते.

ही अडचण दूर करण्याचा प्रयत्न अमेरिकेत झाला. डग्लस एंगलबार्ट या संशोधकाने ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे जाणकारांच्या मोठ्या सभेपुढे एक प्रयोग करून दाखविला. मेजावर एक लहानसे साधन हाताने सरकविले की पडद्यावरील खूणही त्याप्रमाणे सरके. या साधनाचा पहिला नमुना एका लाकडी ठोकळ्याचा होता. त्याच्या तळाशी दोन चाके होती आणि मागे तार लोंबत होती. ती तार शेपटीसारखी दिसे, म्हणून त्यास ‘माउस’, म्हणजे उंदीर, हे नाव पडले. ज्या प्राण्याने दप्तरे कुरतडली, त्याचेच नाव दप्तर सांभाळणाऱ्या साधनास मिळावे, ही मोठी गमतीची गोष्ट होय.

पुढे झेरॉक्स या कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७३ मध्ये ‘आल्टो’ नावाचा संगणक तयार झाला. त्यावर चित्रे, खिडक्यांसारख्या चौकटी आणि माउस यांचा मेळ घातला गेला. १९८१ मध्ये त्याच कंपनीने ‘स्टार’ हा संगणक विक्रीस आणला. त्याच्या पडद्यावर कागद, फोल्डर व टपालाच्या टोपल्या यांची चित्रे होती. १९८४ मध्ये ॲपल कंपनीचा ‘मॅकिन्टॉश’ आला, १९८५ मध्ये मायक्रोसॉफ्टची ‘विंडोज’ ही प्रणाली आली आणि हळूहळू असे पडदे जगभर पसरले.

या युक्तीचे मर्म एका साध्या अनुभवात आहे. आठवणे अवघड असते. ओळखणे सोपे असते. गावातील सर्व माणसांची नावे एका दमात सांगा म्हटले, तर कोणीही गडबडून जाईल. परंतु तीच माणसे बाजारात भेटली, तर प्रत्येकाचा चेहरा पाहताच ओळख पटते. जुना संगणक माणसाला आठवावयास लावीत होता. नवा पडदा ओळखीच्या वस्तू पुढे मांडतो व त्यांतून हवी ती निवडण्यास सांगतो.

महाराष्ट्रात ही विद्या गावोगाव नेण्याचा एक मोठा प्रयत्न २००१ मध्ये सुरू झाला. त्या वर्षी महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले व एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम निघाला. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतही त्याचे वर्ग चालू झाले. सरकारी नोकरीसाठी संगणकाचे ज्ञान आवश्यक ठरल्यामुळे तरुणांच्या शेजारी प्रौढ शिक्षक व कारकूनही विद्यार्थी होऊन बसले. ज्यांनी आयुष्यभर शिकविले, त्यांना तेथे पुन्हा पहिल्या धड्यापासून शिकावे लागले.

हा पहिला धडा वाटतो तितका सोपा नसतो. रावेर तालुक्यातील केळी पिकविणाऱ्या एका कुटुंबाचे चित्र त्यासाठी डोळ्यांसमोर आणावे. मागील पावसाळ्यात घरात पाणी शिरले आणि हिशेबाची वही भिजली. किती घड कोणत्या दिवशी गेले, वजन किती भरले, भाव काय ठरला, हे सारे शाईच्या निळ्या डागांत बुडून गेले. व्यापाऱ्याने एका खेपेचे पैसे दिलेच नाहीत, असे आबांना पक्के आठवत होते. पण दाखविणार काय? ते मुकाट्याने परत आले. सातवीत शिकणारी मुलगी म्हणाली, “आबा, यंदाचा हिशेब आपण संगणकावर ठेवू. मी शिकवते तुम्हाला.”

आबांचा हात कोयता व कुदळ धरणारा. त्या मुठीत माउस मावेना. तो किंचित हलविला तरी पडद्यावरील बाण एकदम दुसऱ्या टोकाला पळे. मेजाची कड आली की आबांचा हात थांबे. “आता पुढे रस्ता नाही, पोरी!” ते म्हणत. मुलगी म्हणाली, “तो उचला आणि मागे घेऊन पुन्हा मेजावर ठेवा. उचललेला असताना बाण जागचा हलत नाही.” लागोपाठ दोनदा टिचकी मारणे तर त्याहून कठीण. पहिली व दुसरी टिचकी यांत फार वेळ गेला, की यंत्र त्यांना दोन निराळ्या टिचक्या समजे. “दार ठोठावता ना, तसे करा,” असे तिने सांगितले, तेव्हा कोठे फोल्डर उघडले.

आबांनी दोन फोल्डर केले. जून-जुलैमधील लागवडीसाठी ‘मृगबाग’ आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधील लागवडीसाठी ‘कांदेबाग’. ही नावे केळीच्या मुलखात घरोघरी ठाऊक असलेली. मग एका बोटाने एकेक अक्षर शोधीत त्यांनी तासभर हिशेब उतरविला. इतक्यात वीज गेली. ती परत आल्यावर पडदा पुन्हा उजळला. पण त्या तासाभराच्या कामातील एकही ओळ उरली नव्हती.

आबा उठले. “वही भिजली, तरी पान हाती राहिले होते. येथे तर पानही राहिले नाही,” ते म्हणाले आणि पागोटे घालून शेताकडे निघून गेले.

मुलीला वाईट वाटले. चूक आबांची नव्हती; तिनेच एक महत्त्वाची गोष्ट सांगितली नव्हती. संगणकाला दोन प्रकारची स्मृती असते. काम चालू असताना आपण लिहितो ते प्रथम तात्पुरत्या स्मृतीत असते आणि वीज खंडित होताच ती रिकामी होते. ‘जतन करा’ ही आज्ञा दिल्यावरच ते कायमच्या स्मृतीत उतरते. काही नव्या प्रणाली मजकूर आपोआप जतन करतात. तरी त्यावर विसंबून न राहणे हेच शहाणपणाचे. पाटीवर लिहिलेले हात लागला तर पुसते, वहीत उतरविलेले टिकते, असाच हा भेद आहे.

संध्याकाळी मुलीने हे आबांना समजावून दिले. आबांनी थोडा विचार केला व ते म्हणाले, “म्हणजे पाणी भरून झाले की घागरीवर झाकण ठेवायचे.” दुसऱ्या दिवशी त्यांनी सारा हिशेब पुन्हा लिहिला आणि दर पाच ओळींनंतर तो जतन केला. तिसऱ्या दिवशी मृगबागेची फाइल दिसेना. ती चुकून कांदेबागेत ठेवली गेली होती. नाव देऊन शोध घेताच सापडली. एकदा तर ती टोपलीत गेली. परंतु टोपली रिकामी केली नसल्याने तेथूनही परत काढता आली. हळूहळू आबांची भीती गेली. यंत्र चुकीबद्दल रागावत नाही, आणि बहुतेक चुका वेळीच लक्षात आल्या तर दुरुस्त होतात, हे त्यांच्या ध्यानी आले.

हंगाम संपल्यावर व्यापारी हिशेबास आला. त्याच्या वहीत एक खेप कमी होती. आबांनी स्वतः फोल्डर उघडले, फाइल काढली आणि तारीख, घड, वजन व भाव सावकाश वाचून दाखविले. व्यापाऱ्याने आपल्या वहीची पाने पुन्हा उलटून पाहिली. दोन पाने एकमेकांस चिकटली होती, त्यांत ती खेप सापडली. मुलगी दारात उभी होती. तिला एक शब्दही बोलावा लागला नाही.

आबांना हे साधले, याचे आणखी एक कारण म्हणजे त्यांना आपल्या भाषेत लिहिता आले. आरंभी बहुतेक संगणक इंग्रजी अक्षरेच जाणत. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने भारतीय लिपी संगणकावर आणण्याचे मोठे काम केले. जगातील लिप्यांसाठी तयार झालेल्या ‘युनिकोड’ या संकेतप्रणालीत १९९१ पासून देवनागरीला स्थान मिळाले. त्यामुळे धुळ्यात लिहिलेले मराठी अक्षर जगाच्या दुसऱ्या टोकालाही तेच अक्षर म्हणून वाचता येऊ लागले. पुढे लिनक्स व विंडोज या प्रणालींचे पडदेही मराठी शब्दांत उपलब्ध झाले.

जतन करण्याचे मोल खानदेशाला दुसऱ्या एका गोष्टीनेही शिकविले आहे. जळगावजवळच्या असोदे गावी १८८० मध्ये जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर दळताना, शेतात राबताना त्यांच्या मुखातून गाणी उमटत. त्यांचे पुत्र सोपानदेव व घरातील इतरांनी त्यांतील काही लिहून ठेवली. ती १९५२ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. परंतु जी गाणी कोणी टिपून घेतली नाहीत, ती वाऱ्याबरोबर गेली. त्यांना शोधून काढील असा कोणताही रुमाल नाही, फोल्डर नाही.

साधने बदलतात. फडक्याच्या जागी चित्र आले. उद्या चित्राच्या जागी आणखी काही येईल. आज मोबाइलच्या पडद्यावर तर माउसही लागत नाही, बोट पुरते. तथापि कोणता कागद ठेवण्याजोगा आहे हे ठरविणे, त्याला योग्य नाव देणे, तो योग्य जागी ठेवणे आणि यंत्र बिघडले तरी हानी होऊ नये म्हणून त्याची दुसरी प्रत अन्यत्र राखणे, ही कामे माणसाचीच आहेत. राजवाडे पायपीट करून जे करीत होते, ते आज घरबसल्या करता येते. मात्र ते करावे लागतेच.

अभ्यास

१. ‘रुमाल’ कशास म्हणत? संगणकावरील कोणत्या गोष्टीशी त्याचे साम्य आहे?

२. ‘आठवणे अवघड असते, ओळखणे सोपे असते,’ हे विधान तुमच्या अनुभवातील एक उदाहरण देऊन स्पष्ट करा.

३. वीज गेल्यावर आबांचे लिखाण का नाहीसे झाले? ते आपल्या शब्दांत सांगा.

४. “म्हणजे पाणी भरून झाले की घागरीवर झाकण ठेवायचे.” हे वाक्य कोण, कोणास व केव्हा म्हणाले?

५. व्यापारी हिशेबास आला तेव्हा मुलीला एक शब्दही बोलावा लागला नाही, याबद्दल तिला काय वाटले असेल? पाच-सहा ओळी लिहा.

६. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : जतन करणे, विसंबून राहणे, ध्यानी येणे, धूळ खात पडणे.

७. घरातील वडीलधाऱ्या माणसांकडून एखादे जुने गाणे किंवा गोष्ट ऐका. ती वहीत अथवा संगणकावर उतरवून तिला योग्य नाव द्या व जतन करा.