समुद्र म्हणजे मोठा अंबाझरी नव्हे

शाळांच्या परीक्षा आटोपल्या की माझ्या दवाखान्यात एक ठराविक मागणी सुरू होते. असेच एकदा एक गृहस्थ रक्तदाब तपासायला आले होते. तपासून झाले, दारापर्यंत गेले आणि परत फिरून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आम्ही सोळा जण गाडी करून कोकणात जाऊन राहिलो. उलटीच्या, जुलाबाच्या गोळ्या लिहून द्या ना." गोळ्या लिहून दिल्या. मग त्यांना पुन्हा खुर्चीवर बसवले आणि पंधरा मिनिटे बोललो. तेच आज वाचकांसाठी लिहितो आहे. कारण या सहलीतील मोठे धोके गोळ्यांनी टळणारे नाहीत.

आपण नागपूरकर उन्हाला घाबरत नाही आणि पाण्यालाही घाबरत नाही. उन्हाळे पाहिलेले असतात, तलावात पोहलेले असतो. समुद्रकाठी हाच अनुभव आपल्याला फसवतो. मी डॉक्टर असून मलाही त्याने फसवले आहे.

२०१४ सालच्या मे महिन्यात आमचे चौदा जणांचे कुटुंब टेम्पो ट्रॅव्हलर भाड्याने घेऊन दापोलीकडे निघाले. आई, दोघे भाऊ, वहिनी, आमची मुले. गाडीतच डबे, गाडीतच पत्ते, गाडीतच भांडणे. नऊशे किलोमीटरचा तो प्रवास आजही घरात निघतो. पण त्या सहलीत तीन चुका झाल्या. त्या क्रमाने सांगतो.

पहिली चूक : रात्र वाचवणे

एक दिवस वाचावा म्हणून आम्ही संध्याकाळी निघालो आणि एकाच चालकाने रात्रभर गाडी चालवली. पहाटे गाडी रस्त्याच्या कडेला घासली. केवळ नशिबाने कोणाला काही झाले नाही. चालकाला दोन सेकंद डुलकी लागली होती. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी दोन सेकंदांत ४४ मीटर जाते.

मध्यरात्र ते पहाट हा शरीराच्या घड्याळाप्रमाणे झोपेचाच वेळ असतो. चहाने किंवा तोंडावर पाणी मारल्याने ही झोप जात नाही, फक्त थोडी लांबते. आता ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून पूर्ण खुला झाला आहे. वेळ वाचतो हे खरे. पण सरळ, एकसारख्या रस्त्यावर डोळे उघडे असूनही मेंदू सुस्तावतो. म्हणून पहाटे झोप पूर्ण करून निघा, दर दोन तासांनी थांबा आणि पहिला मुक्काम वाटेतच करा. थांब्यावर सर्वांनी पाच मिनिटे चालावे. तासन्‌तास पाय लोंबकळत बसल्याने पायाच्या शिरांत रक्ताची गाठ होऊ शकते. वयस्कर, स्थूल, गरोदर आणि नुकतेच ऑपरेशन झालेल्यांना हा धोका अधिक.

घाटात गाडी लागते त्यांनी पुढच्या बाजूला बसावे, दूर क्षितिजाकडे पाहावे, पोट अगदी रिकामे किंवा तुडुंब ठेवू नये. गाडी लागू नये म्हणून घेतात त्या गोळ्यांनी गुंगी येते. त्या चालकाला चुकूनही देऊ नका.

दुसरी चूक : कोकण थंड समजणे

२३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदले गेले होते. असे दिवस काढलेल्या माणसाला दापोलीचे ३३-३४ अंश म्हणजे थंडावाच वाटणार. आई दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात बसून कोकम सोलत होती. अकराच्या सुमारास उठायला गेली आणि चक्कर येऊन खाली बसली. नाडी जलद, अंग घामाने चिंब, रक्तदाब नेहमीपेक्षा बराच कमी.

याचे कारण आपल्या घरच्या कूलरने समजेल. कूलर नागपुरात उत्तम चालतो, मुंबईत का चालत नाही? कूलरमध्ये पाण्याची वाफ होते आणि वाफ होताना ती उष्णता शोषते. हवा आधीच ओली असेल तर वाफ होत नाही आणि कूलर नुसता दमटपणा वाढवतो. आपले शरीरही कूलरच आहे. घामाची वाफ झाली तरच अंग थंड होते. एक लिटर घामाची वाफ शरीरातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जाते. पण कोकणातल्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता गळतो. शरीर आणखी घाम काढते. पाणी आणि मीठ जाते, थंडावा मात्र मिळत नाही. नागपुरात लू लागेल म्हणून आपण डोक्याला दुपट्टा बांधतो, पन्हे पितो. तिथे लू नाही म्हणून आपण हे सारे सोडून देतो.

आईच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती. तिच्या रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारे औषध होते. घामाने पाणी जात होते आणि गोळीनेही जात होते. अशी गोळी चालू असणाऱ्यांनी सहलीपूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे. मनाने गोळी बंद करू नये.

जलसंजीवनीची पाकिटे सोबत ठेवा. एक मोठे पाकीट पूर्ण एक लिटर स्वच्छ पाण्यात एकाच वेळी विरघळवा. अर्धे पाकीट अंदाजाने टाकू नका. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ घाला. लघवी गडद पिवळी दिसली की पाणी कमी पडते आहे असे समजा. मात्र हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी किती पाणी प्यायचे ते डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. अंग तापलेले आणि माणूस बरळत असेल तर तो उष्माघात आहे. अंग ओले करा, वारा घाला, १०८ ला फोन करा. शुद्ध नसताना तोंडात पाणी घालू नका.

चाकावरचे घर

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. झोपायची, स्वयंपाकाची, शौचाची सोय असलेली गाडी घेऊन किनाऱ्याने फिरण्याची हौस आता आपल्याकडेही येते आहे. हौस चांगली आहे. पण गाडीला घर म्हटले तरी ती घर नव्हे. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोघे जण मृत आढळले. जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड वायू आत शिरला होता. या वायूला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला तो उठू देत नाही. म्हणून इंजिन किंवा जनरेटर चालू ठेवून बंद गाडीत झोपू नये, आत शेगडी पेटती ठेवू नये. एकाच गाडीतल्या अनेकांचे डोके एकदम दुखू लागले, मळमळू लागले तर ते जेवणामुळे असेल असे समजून बसू नका. आधी सर्वांना बाहेर मोकळ्या हवेत आणा.

उन्हात उभ्या बंद गाडीचे तापमान अर्ध्या तासात पंधरा-वीस अंशांनी चढते. मूल झोपले आहे, झोपू द्या, म्हणून त्याला गाडीत ठेवून जाऊ नका. इन्सुलिनही गाडीत सोडू नका. ते थर्मासमध्ये न्यावे, पण बर्फाला थेट लावू नये, कारण गोठलेले इन्सुलिन वाया जाते.

तिसरी चूक : माझी स्वतःची

मी अंबाझरीत पोहायला शिकलो. माझा पंधरा वर्षांचा पुतण्याही चांगला पोहत असे. म्हणून सायंकाळी साडेपाचला तो कमरेएवढ्या पाण्यात उतरला तेव्हा मी काठावर निर्धास्त उभा होतो. लाटा फारशा नव्हत्या. त्या जागी तर पाणी शेजारच्यापेक्षा शांत दिसत होते.

दोन मिनिटांत तो आमच्यापासून बराच दूर गेलेला दिसला. आमच्याकडे तोंड करून जोरात हात मारत होता आणि तरीही मागेच जात होता. त्याचा चेहरा पाहून मी कपड्यांसकट पाण्यात धावलो. काही क्षणांत माझेही पाय सुटले. मी सगळा जोर लावून काठाकडे पोहत होतो आणि काठ लांब जात होता. तेवढ्यात वाळूवर जाळे विणत बसलेले एक वयस्कर कोळी ओरडले, "सरळ नको! आडवे या, आडवे!" त्यांच्या मुलाने दोरी बांधलेला रिकामा प्लॅस्टिकचा कॅन पोराकडे फेकला. मी आडवा पोहलो आणि पाचपन्नास हातांवर पाण्याची ओढ एकदम संपली.

झाले होते ते असे. लाटा पाणी काठावर आणून टाकतात. ते पाणी परत जायला वाट शोधते आणि वाळूतल्या खोलगट पट्ट्यातून एका अरुंद धारेने समुद्रात जाते. त्या पट्ट्यात लाटा फुटत नाहीत, म्हणून तेथे पाणी शांत दिसते. नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो. जोराच्या धारेचा वेग पट्टीच्या पोहणाऱ्यालाही मागे टाकतो. तिच्याशी झुंजणारा माणूस दमतो आणि दमल्यामुळे बुडतो. पण ही धार अरुंद असते. काठाला समांतर पोहले की तिच्यातून बाहेर पडता येते. तेवढे बळ नसेल तर पाठीवर तरंगत राहावे, हात वर करून हाका माराव्यात. धार खाली ओढत नाही, आत नेते, आणि पुढे गेल्यावर मंदावते.

आम्ही वाचलो, पण सारे वाचत नाहीत. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूड-जंजिऱ्याला पुण्याहून सहलीला आलेले १४ तरुण-तरुणी बुडाले. एप्रिल २०१७ मध्ये मालवणच्या वायरी किनाऱ्यावर बेळगावच्या सहलीतील ८ जण गेले. तलावाला भरती-ओहोटी नसते, समुद्राला दिवसातून दोनदा असते.

भरतीची ढोबळ वेळ काढण्याची कोकणातली जुनी रीत सोपी आहे. तिथीची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती. तेथून सहा तास ओहोटी. आम्ही उतरलो तो दिवस चतुर्थीचाच होता. साडेपाचला समुद्र जोराने मागे हटत होता. दिनदर्शिका पाहायची बुद्धी मला नंतर झाली. ही रीत अंदाजाची आहे, म्हणून उतरण्यापूर्वी स्थानिक माणसाला विचारावेच. त्याने नको म्हटले की नको.

त्यानंतरची चूकही माझीच, आणि ती डॉक्टरची चूक होती. पुतण्या बाहेर आला, खोकला, चहा प्यायला, हसला. मी म्हटले, झाले. रात्री दहाला त्याला दम लागू लागला. फुप्फुसांत गेलेले थोडेसे खारे पाणीही काही तासांनी सूज आणू शकते हे मी पुस्तकात वाचले होते. पण घरचे पोर हसताना पाहून विसरलो. त्याला दोन दिवस प्राणवायूवर ठेवावे लागले. म्हणून सांगतो, बुडता बुडता वाचलेला माणूस खोकत असेल, त्याला धाप लागत असेल किंवा तो काही क्षण जरी बेशुद्ध झाला असेल, तर तो कितीही ठीक दिसो, त्याला रुग्णालयात न्या.

बुडालेल्याला बाहेर काढल्यावर

आपल्याकडे बुडालेल्याला उलटे धरून फिरवतात, पोट दाबून पाणी काढतात. हे करू नका. त्यात मोलाची मिनिटे जातात आणि पोटातले पाणी श्वासनलिकेत जाते. त्याला सपाट जागी उताणे निजवा. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा. श्वास नसेल तर हनुवटी वर उचला, नाक चिमटीत धरा आणि तोंडाला तोंड लावून आधी दोन ते पाच श्वास द्या. मग छातीच्या मध्यभागी तळहाताने ३० वेळा जोराने, मिनिटाला १०० ते १२० या गतीने दाबा. पुन्हा दोन श्वास. मदत येईपर्यंत थांबू नका. दुसऱ्याने तोवर १०८ ला फोन करावा.

लक्षात ठेवा

१) रात्री गाडी चालवू नका. पहिला मुक्काम वाटेत करा.
२) तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्या. सकाळी ११ ते ४ सावलीत राहा.
३) इंजिन किंवा जनरेटर चालू असलेल्या बंद गाडीत झोपू नका.
४) गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ नका. मुले हाताच्या अंतरावर ठेवा. दारू घेतलेल्याला पाण्यात उतरू देऊ नका.
५) ओढ लागली तर आडवे पोहा.
६) बुडणाऱ्याकडे उडी घेऊ नका. दोरी, साडी, रिकामा कॅन फेका.

त्या कोळीबाबांना आम्ही पैसे देऊ केले. त्यांनी घेतले नाहीत. म्हणाले, "तुमच्या गावी समुद्र नाही, तुम्हाला कसे ठाऊक असणार? पण उतरायच्या आधी विचारायचे होतेत." तेव्हापासून प्रत्येक सहलीला मी विचारतो. या सुट्टीत कोकणात जाणाऱ्या प्रत्येकाने तेवढे करावे. समुद्र जरूर पाहा, पोरांना दाखवा. जितके जाता तितके सारे परत या.